हनुवटीचे केस

कॉलेजात असतानाच माझ्या हनुवटीवर केस आले. आधी दोन-चार होते, मग गळ्यापर्यंत उतरले. डॉक्टरांनी पीसीओडी आहे म्हणून सांगितलं, गोळ्या दिल्या. पाळी मार्गी लागली, केस मात्र तसेच राहिले.

पुढे अंजूरच्या एका गोदामात ऑफिसचं काम करायला लागले. कामतघरच्या घरून निघण्याआधी आरशापुढे हनुवटी चाचपायची, हे दात घासण्यासारखंच झालं होतं. रिक्षात उन्हाच्या बाजूला मी बसायचे नाही. मास्कच्या दिवसांत सगळे वैतागलेले असताना मी एकटी त्यात सुखी होते.

निजामपुऱ्यातली पार्लरवाली भुवया झाल्या की चार बायकांसमोर विचारायची, "दीदी, दाढी भी बना दूँ?" तिच्या मनात वाईट काही नसायचं. मी मुकाट मान वर करायचे. दोऱ्याने डोळ्यांतून पाणी यायचं आणि आठवड्याभरात पुन्हा खुंट हाताला लागायचे. वॅक्सने पुरळ आलं, क्रीमने कातडी भाजली. शेवटी लेझरला गेले.

तिथली डॉक्टर माझ्याच वयाची होती. म्हणाली, "आता उपटणं बंद. मुळाशी केसच नसला तर लेझर कशावर मारू? मधल्या काळात फक्त रेझर."

"पण जातील ना कायमचे?"

"कमी होतील. हार्मोन्सचं आहे, कायमचं मी सांगत नाही."

मला रडू आलं नाही. घरी जाऊन झोपावंसं वाटलं, एवढंच.

लेझर म्हणजे ताणलेलं रबर सुटून लागावं तसा चटका, आणि जळक्या केसांचा वास. पण खरी पंचाईत घरी होती. एका रविवारी मोरीत रेझर फिरवत असताना आईने पाहिलं.

"आगं, काय करतेस? बाईमाणूस रेझर लावतं का कुठं?"

"डॉक्टरांनीच सांगितलंय."

मला वाटलं, आता ओरडेल. ती मोरीच्या उंबऱ्यावर बसली आणि म्हणाली, "माझंच आलंय तुला."

आई आयुष्यभर कापड तपासायच्या कामाला होती. लूमवरून उतरलेल्या कापडातल्या गाठी चिमट्याने उपटायच्या, हे तिचं काम. त्याच चिमट्याने, जेवणाच्या सुट्टीत संडासात जाऊन, ती स्वतःची हनुवटी साफ करायची. एवढी वर्षं एका खोलीत राहून मला कधी दिसलं नव्हतं.

"तुझ्या बापालापण कळू दिलं न्हाय," ती म्हणाली.

मला तिचा राग आला. "मग मला का नाही सांगितलंस? मला वाटायचं, मी एकटीच अशी."

"सांगून काय झालं असतं? गेले असते का?"

अर्धी हनुवटी राहिली होती, ती तिच्यासमोरच पुरी केली.

आता तिला जवळचं दिसत नाही, हातही थरथरतो. तिच्यासाठी मी लेझरचं विचारून पाहिलं, पण पांढऱ्या केसांवर ते चालत नाही. म्हणून सुट्टीच्या दुपारी दारात उजेडाला बसवून तिचे केस मीच काढते. ती डोळे मिटून घेते, मध्येच विचारते, "अजून हाय का?" शेजारच्या लूमच्या खडखडाटात मला मोठ्याने सांगावं लागतं, "आहे, हलू नकोस."

माझे पुष्कळ कमी झालेत. तरी अधूनमधून लेझरला जावं लागतं. मागे एकदा जायचा दिवस होता आणि मी चप्पल घालून तशीच दारात बसून राहिले.

"दमलीस का?" आईने विचारलं.

"हो."

"मग आज नको जाऊस. असू दे तोंडाला."

मी चप्पल काढली. त्या महिन्यात गेले नाही, रेझरही लावला नाही. ऑफिसात कोणी पाहिलं असेल तर बोललं नाही. पुढच्या महिन्यात मात्र गेले.