काचेच्या पेटीला दोन भोकं

लग्नानंतर वर्षभरातच मी भंडाऱ्याहून भिलाईला आले. पोलादाचा कारखाना अजून उभा राहत होता. नवरा तिथं फिटर. दोन खोल्यांचं क्वार्टर, आणि दोरीवरच्या कपड्यांवर रोज लाल धूळ.

कारखाना उभारायला आलेला एक रशियन साहेब मुदत संपवून मायदेशी निघाला. त्याच्या घरचा पंखा नवऱ्यानं दुरुस्त करून दिला होता, म्हणून जाताना त्याच्या बायकोनं नवऱ्याला मासे पाळायची काचेची पेटी दिली. असं नवऱ्यानं मला सांगितलं. मी काही त्या बाईला विचारायला गेले नव्हते.

ट्रंकेएवढी पेटी, लोखंडी चौकटीत काचा बसवलेल्या. ती न्याहाळत तो म्हणाला, "हिले भोक पाडाचं हाय."

"पाणी भराच्या पेटीले भोक? कावून?"

"तुले नाई समजाचं."

त्यानंतर त्याला उशीर व्हायला लागला. पहिली पाळी दोनला सुटायची, तीनपर्यंत तो सायकलवर घरी असायचा. आता सहा वाजू लागले. शर्टाला रॉकेलचा वास, नखांत करडं काहीतरी. विचारलं की एकच उत्तर, "काम होतं."

एक दिवस धुवायला घेतलेल्या शर्टाच्या खिशात पुडी सापडली. आत करडी पूड, बोटांत चोळली तर रेतीसारखी चावणारी. सोबत बोटभर तांब्याची नळी. मी ती शेजारणीला दाखवली. तिचाही नवरा कारखान्यातच होता. तिनं आवाज खाली आणला.

"कारखान्यातलं दिसते. गेटवर झडती होते, बाई. धरलं तं नोकरी जाते."

मग मला घरातली प्रत्येक वस्तू खुपायला लागली. खिळ्यांचा डबा, घासपेपर, विळीला बसवलेली नवी पट्टी. तो जेवायला बसला की मी त्याच्या हातांकडे बघायची.

शेवटी पुडी ताटाशेजारी ठेवली. "हे कुठून आणलं?"

त्याचा घास थांबला. "दुर्गच्या चष्मेवाल्याकडून."

"चष्मेवाल्याचं आन मासोळ्यायचं काय?"

तो हात धुवायला उठला. माझा संशय तिथंच पक्का झाला.

दुसऱ्या दिवशी तो कामावर गेल्यावर मी दुर्गची बस धरली. एकटीनं केलेला तो माझा पहिलाच प्रवास. विचारत विचारत दुकान गाठलं. एक म्हातारा पायानं चाक फिरवत भिंगं घासत होता. मी पुडी पुढे केली. त्यानं चिमूट चोळून पाहिली.

"हाँ बेटी, मेरा ही है. काँच घिसने का."

नवरा रोज दुपारी तिथं येऊन फुटक्या काचांना भोकं पाडायचा सराव करत होता. म्हाताऱ्यानं टोपलीतले तुकडेच दाखवले. आधीचे चिरा जाऊन फुटलेले, शेवटच्या दोन-तीनांना मात्र स्वच्छ गोल भोक. माझ्या जिवात जीव आला. मग मी नळी काढली. त्यानं मान हलवली.

"ये मेरा नहीं."

त्या संध्याकाळी मी पायरीवरच बसले होते. तो सायकलवरून उतरला.

"पावडर चष्मेवाल्याची हाय, मी जाऊन विचारून आली. नळी कोणाची?"

त्यानं सायकल भिंतीला टेकवली. "कारखान्याच्या भंगारात पडून होती. कोणाच्या कामाची नवती."

"मंग विचारून कावून नाई आणली? आन एवढं लपवाचं काय होतं?"

तो म्हणाला, "आधी सांगतलं असतं आन काच फुटली असती, तं तू हासली असती."

पहिल्याच महिन्यात त्यानं ठोकलेली फळी भांड्यांसकट खाली आली होती आणि मी पोट धरून हसले होते. ते त्याच्या मनात इतकं राहिलं असेल, हे मला ठाऊक नव्हतं. तरी मी म्हटलं, "नळी परत ठेवून या."

दुसऱ्या दिवशी नळी परत ठेवून तो घामेजून आला. "आणतानी भेव नाई लागलं, नेतानी लागलं."

रविवारी सकाळी आमच्या बिघडलेल्या स्टोव्हची पितळी नळी कापून त्यानं हातड्रिलला लावली. पेटी गोणपाटावर आडवी केली. भोकाच्या खुणेभोवती मी मळलेल्या कणकेची पाळ घातली, आत पूड आणि रॉकेल. तो हलक्या हातानं फिरवायचा, मधेच नळी उचलून पूड खाली जाऊ द्यायचा. आवाजानं दात आंबत होते. आतून लाकडाचा ठोकळा मी धरला होता. बऱ्याच वेळानं बटणाएवढी चकती सुटून ठोकळ्यावर पडली. काचेला चीर नाही.

त्यानं ड्रिल माझ्याकडे दिलं. "वरचं तू पाड."

माझे दंड भरून आले, दोनदा थांबावं लागलं, पाळीतून झिरपलेलं रॉकेल लुगड्यावर आलं. पण दुसरी चकतीही सुटली.

खालच्या भोकात त्यानं सायकलच्या ट्यूबची चकती घालून तोटी बसवली. वरच्यात रबरी नळी, भरून जास्त झालेलं पाणी अंगणात नेणारी. पेटी न उचलता पाणी बदलायचं, एवढ्यासाठी हा खटाटोप होता. पुढच्या आठवड्यात तलावातले सहा मासे आले. दोन लगेच मेले, चार टिकले. दुपारी मी तोटी सोडायची, आणि ते गढूळ पाणी अंगणातल्या टमाट्याच्या वाफ्यात जायचं. त्या वर्षी टमाटी इतकी आली की शेजारणीलाही दिली.