संगमाच्या वरचं नाव

जर्मनीत, बॉनमधल्या नकाशे करणाऱ्या एका कंपनीत चंद्रशेखररावांनी उभी हयात काढली, आणि त्यातली निम्मी एका नदीपायी. नदी तरी कुठली, तर पार उत्तरेची, फिनलंड आणि नॉर्वेच्या सीमेवरून वाहत जाऊन गारठलेल्या समुद्राला मिळणारी. फिनलंडवाले तिला तेनो म्हणतात, नॉर्वेवाले ताना, आणि तिथले मूळचे सामी लोक देआत्नू, म्हणजे नुसतीच मोठी नदी. संगमाच्या वर मात्र ही नावं नाहीत. तिथे दोन वेगळ्या नद्या आहेत, अनारयोहका आणि काराशयोहका. ही वरची नावं नकाशातून गळू नयेत म्हणून चंद्रशेखरराव साहेबांशी भांडले. "काठावरची माणसं म्हणतात तेच नाव लिहायचं. ते बदलणारे आपण कोण?" असं ते जेवताना बायकोला ठणकावून सांगत.

बायको, म्हणजे ऊर्मिलाबाई, पुढची पोळी वाढत. त्यांचं काठावरचं नाव लता. साताऱ्याला लग्न लागलं आणि ताटातल्या तांदळात अंगठीने ऊर्मिला लिहून याच गृहस्थांनी ते बदललं. नाव सासूबाईंनी निवडलेलं. नवरीला विचारायची पद्धतच नव्हती. नदीला मिळाला तेवढा न्याय आपल्या बायकोला मिळाला नाही, हे त्या विद्वानाच्या कधी ध्यानातही आलं नाही.

माहेरी मात्र त्या लताच राहिल्या. मग आई गेली, वडील गेले, आणि गेल्या वर्षी थोरला भाऊ यशवंतही गेला. फोनवर "लते, जेवलीस का गं?" विचारणारं कुणी उरलं नाही. ते नाव ठाऊक असलेला आता एकच माणूस होता, नवरा, आणि तो हॉस्पिटलात पडून होता. डोक्यातली गाठ वाढत चालली होती आणि रोज काही ना काही पुसलं जात होतं. जायच्या आधी त्यांनी एकदा तरी आपल्याला लता म्हणावं, एवढाच ध्यास ऊर्मिलाबाईंनी घेतला होता. आपण सांगून वदवून घ्यायचं नाही, हेही ठरवलं होतं.

एका दुपारी त्या डब्यात वरणभात घेऊन गेल्या. ताटलीत भात काढता काढता त्यांनी विचारलं, "अहो, तुमच्या नदीची वरची नावं आठवतात का?"

"अनारयोहका. काराशयोहका." चंद्रशेखररावांचे डोळे चमकले. "खाली देआत्नू."

"गेनाऊ, अगदी बरोबर," त्या जर्मन मास्तरणीच्या थाटात म्हणाल्या. "आणि माझं? माझं संगमाच्या वरचं नाव?"

त्यांनी ताटली जवळ ओढली आणि ते बोटाने भातात लिहायला लागले. त्या वाकल्या. भातात ऊ उमटला होता. मग र्मि. मग ला.

"छान आहे ना नाव?" नवरदेवासारखे लाजत ते म्हणाले. "तुला आवडलं?"

इतक्या वर्षांत हे त्यांना कुणी पहिल्यांदाच विचारत होतं.

"आवडलं," त्या म्हणाल्या. मग त्याच भातावर त्यांनी वरण घातलं, तो कालवला, आणि पहिला घास नवऱ्याच्या तोंडाशी नेला.