स्थळाचा व्हिडिओ आणि माझी रूपवादी अक्कल

लातूरच्या एका कॉलेजात मी सिनेमा शिकवतो. गोष्ट काय आहे ते बाजूला ठेवा, ती दाखवली कशी ते बघा: कॅमेरा कुठं आहे, तुकडा कुठं कापलाय, चौकटीत कोण आहे, कोण नाही. याला रूपवादी पद्धत म्हणतात. दरवर्षी पोरं विचारतात, "सर, ह्याचा फायदा काय?" आणि दरवर्षी माझं डोकं फिरतं.

दिवाळीनंतर भाचीला उदगीरचं स्थळ आलं. मुलाकडच्यांनी व्हॉट्सॲपवर घराचा व्हिडिओ पाठवला. ताईकडं बसून आम्ही तो तीनदा बघितला. भाची चहा देऊन भिंतीला टेकून उभी होती. दाजी म्हणाले, "घर लई भारी हाय." ताईला फरशी आवडली. अरे, फरशीशी लग्न लावायचंय का? मला राहवेना. म्हटलं, "चौदा शॉट आहेत. मुलगा आहे, बाप आहे, ट्रॅक्टर आहे, म्हैस तर दोनदा आहे. बाई एकदाही नाही. गॅसवर दूध उकळतंय, जवळ कुणी नाही. ज्या घराला आपली बाई दाखवावीशी वाटत नाही, तिथं पोर द्यायची?"

दाजींनी व्हिडिओ परत लावून त्यात बाई शोधली. माझ्या विषयाला त्या घरात पहिल्यांदाच किंमत आली होती. खोटं कशाला बोलू, मी फुगलो. दुसऱ्या दिवशी दाजींनी नकार कळवला.

दोन महिन्यांनी त्या मुलाचं औशाला जमलं. मी भाचीला म्हटलं, "सुटलीस बघ."

ती कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली, "मामा, शूटिंग त्या मुलाच्या आईनंच केलं होतं. व्हिडिओ आला त्याच दिवशी मी मुलालाच फोन लावला होता. घरात आईलाच चांगलं जमतं म्हणले."

पद्धत चुकली म्हणावं, तर चौकटीत बाई नव्हती हे खरंच होतं. का नव्हती, ते मात्र माझं मीच ठरवून मोकळा झालो होतो, तेही केवढ्या तोऱ्यात. आता हा राग काढायचा कुणावर? तिच्यावरच काढला. "मग तेव्हा काय तोंडात मिठाची गुळणी धरली होतीस?"

"तुमी समदे व्हिडिओच बघत बसला होता," ती म्हणाली. "मुलगा मला पसंत हाय का, हे कुणी इचारलंच न्हाई."