वडाला सूत गुंडाळणारे आमचे जावई

आमच्या जावयांइतका देवावर विश्वास असलेला माणूस गडचिरोली जिल्ह्यात नाही, आणि चंद्रपूर जिल्ह्यात कोणी असलाच तर तो स्वतःच अंगाला शेंदूर लावून कुठल्यातरी झाडाखाली बसलेला असेल. हे मी कौतुकानं सांगत नाही. अशा माणसाची सासू होणं म्हणजे खाली मान घालून चालायची सवय करणं. आमच्या गावच्या वडाभोवती, बायकांच्या घोळक्यात, हातात सुताची गुंडी घेऊन फिरलेला आजवर एकच पुरुष झाला, आणि तो माझा जावई होता. माझी ओसरी वडाच्या समोरच आहे. मला दिसलं नाही, असं म्हणायचीही सोय नाही.

त्यांना निवडलं मीच. मुलगा भद्रावतीकडे कोळशाच्या खाणीत पंपावर कामाला, राहायला क्वार्टर, दारू नाही, सुपारी-तंबाखूचा खर्रा नाही. आमच्या भागात खर्रा न खाणारा मुलगा मिळाला की बाकीची चौकशी कोणी करत नाही. निर्व्यसनी पाहिजे, एवढंच माझं म्हणणं होतं. देवाचंही व्यसन लागतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मुलगी पाहायला आले तेव्हा पोह्यांची बशी हातात घेऊन त्यांनी डोळे मिटले ते मिटलेच. पोहे गार झाले. आमच्या यांना वाटलं, पोरगा रात्रपाळी करून आला, डोळा लागला असेल. यांनी हळूच त्यांचा गुडघा हलवला. जावयांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "हो म्हणते." आमचे हे म्हणाले, "कोण हो म्हणते?" तर म्हणतात, "देव म्हणते जी, करून टाका." सगळे हसले. त्या हसण्यात माझ्या लेकीला, शालूला, काय वाटतं ते विचारायचं राहूनच गेलं.

देवाच्या बाबतीत त्यांनी कधी भेदभाव केला नाही. सोमवारी महादेव, गुरुवारी दर्गा, शनिवारी मारुती, आणि मधल्या वारी जो रस्त्यात भेटेल तो. जंगलातून जाताना गोंडांचं देवस्थान दिसलं की चपला हातात. एकदा मी म्हटलं, "जवाईबापू, इतक्या देवायची ओळख कशी राहते तुम्हाले?" सासूला आमच्याकडे मामी म्हणतात, तर म्हणाले, "मामी, अर्ज सगळ्याच टेबलावर द्याव लागते. कोणता साहेब कधी सुट्टीवर राहीन, काय सांगता येते?" चंद्रपूरहून आमच्याकडे बसनं येताना ते खिडकीशी बसत आणि रस्त्यातल्या प्रत्येक शेंदरी दगडाला हात जोडत. एकदा कंडक्टर तिकिटासाठी शेजारी उभा, यांचे हात जोडलेलेच. कंडक्टर वैतागून म्हणाला, "भाऊ, माह्या पाया पडून तिकीट माफ नाई होत." सगळी बस हसली. मी शेजारी बसले होते. मी पदर तोंडावर ओढून झोपेचं सोंग घेतलं.

पण खोटं कशाला बोलू, माणूस कामाचा. पंपाच्या बाबतीत तर असा की, माझ्या धानाच्या बांधीवरची मोटर बिघडली की ते येत, तिच्याजवळ उकिडवे बसत आणि आधी नुसतं ऐकत. छातीला कान लावल्यासारखं. मग पाना काढत, एकेक नट खोलत, तेलानं माखत, आणि ती चालू होईपर्यंत पाणीसुद्धा पीत नसत. आमच्या यांच्या शेवटच्या आजारपणात दवाखान्यात उशाशी तेच होते. माझे स्वतःचे पुतणे हार घेऊन आले आणि फोटो काढून गेले. यांचं अंग पुसणं, कपडे बदलणं जावयांनी केलं. फक्त अधूनमधून सलाइनच्या बाटलीला अंगारा लावत, म्हणून नर्स ओरडायची.

असा माणूस, आणि शालू त्याला सोडून माझ्याकडे आली. आली ती शिलाई मशीन घेऊनच आली, तेव्हाच मी समजले की ही राहायला आली आहे. कारण विचारलं तर एकदाच सांगितलं. तिला दिवस गेले होते. एका सकाळी पोटात दुखायला लागलं, अंगावर जायला लागलं. जावयांनी तिला खाटेवर झोपवलं, कपाळाला अंगारा लावला, "तू पडून राहा, मी आलोच" म्हणाले आणि निघाले. तिला वाटलं गाडी आणायला गेले. ते गेले मार्कंड्याच्या महादेवाला. चामोर्शीपर्यंत बसनं आणि पुढे भर उन्हात अनवाणी, लेकरू वाचू दे म्हणून. इकडे शेजारची आपा, तिच्याकडे शालू शिवण शिकायची, तिनं हिला ऑटोत घालून दवाखान्यात नेलं. लेकरू गेलं. संध्याकाळी जावई परत आले ते पायाला फोड आणि हातात प्रसाद घेऊन. शालू मला म्हणाली, "आई, मोटर बिघडली तं हा माणूस पाना काढते. मी बिघडली तं नारळ फोडते." मी कुकर लावायला उठले.

ती गेल्यावर दुसरा कोणी असता तर चार माणसं घेऊन आला असता, भांडला असता, नाहीतर दारू प्याला असता. आमच्या जावयांनी देवाशी बोलणं वाढवलं. आधी वांगी सोडली. मग चहा सोडला. मग एके दिवशी भात सोडला, शालू घरी येईपर्यंत. आता आमच्या झाडीपट्टीत भात न खाणाऱ्या जावयाला सासूनं वाढायचं काय? पाहुण्यांकडच्या लग्नात पंगतीत सगळ्यांच्या पानावर भाताचा डोंगर आणि यांच्या पानात दोन सुक्या पोळ्या. लोकांनी ठरवून टाकलं की यांना शुगर आहे. एका मामानं कारल्याच्या रसाचा उपाय सांगितला. जावयांनी शांतपणे ऐकून घेतला, आणि मला वाटतं, काही दिवस पिऊनही पाहिला. शालूसाठी करावं तेवढं त्यांना कमीच वाटत असे.

आणि मग ज्येष्ठी पौर्णिमेला ते आले. पांढरा सदरा, हातात ताट, ताटात आंबे, हळद, कुंकू, आणि सुताची ही मोठी गुंडी. मी ओसरीत तांदूळ निवडत होते. मला वाटलं, शालूसाठी आणलं. ते माझ्या पाया पडले आणि सरळ वडाकडे गेले. बायका जागच्या जागी थांबल्या. एक जण म्हणाली, "अवो भाऊ, हे बायकायचं हाय." जावई म्हणाले, "माहीत हाय जी. पण आमच्या घरची बाई करत नाई. मंग घरातून कोणी तं कराले पायजे." दुसरी म्हणाली, "मंग लुगडं काऊन नाई नेसून आले?" ते म्हणाले, "शास्त्रात सांगितलं असन तं नेसतो." बायका पदरात तोंड घालून हसायला लागल्या. मी तांदळात खडा शोधत राहिले. इतके स्वच्छ तांदूळ मी कधी निवडले नसतील.

जावई मात्र फिरायला लागले. सावकाश, सूत ताणून, पंपाच्या पाइपला जशी गुंडाळी करावी तसं एकाला एक लागून. त्यात म्हातारी पाटलीणबाई सगळ्यांना ओरडली, "हसून काय राह्यल्या वं? तुमच्या नवऱ्यानं तुमच्यासाठी कधी उपास तरी केला का?" झालं. हसणं थांबलं आणि भलतंच सुरू झालं. दोघीतिघींनी डोळे पुसले. एक जण माझ्या ओसरीशी येऊन म्हणाली, "शालूची आई, देवमाणूस हाय हा. अशा माणसाले नाई म्हणते तुमची पोरगी? कोणत्या तोंडानं म्हणते?" मघाशी मला जावयाची लाज वाटत होती, आता पोरीची वाटायला लागली. मनातल्या मनात मीही वडाला म्हटलं, बाबा, आता तूच काहीतरी कर आणि हिला सासरी पाठव.

आतलं मशीन थांबलं. शालू बाहेर आली. सरळ वडापाशी गेली आणि म्हणाली, "काय मागून राह्यले?"

जावयांचा चेहरा उजळला. ती बऱ्याच दिवसांनी आपणहून बोलली होती. "सात जन्म तूच," ते म्हणाले.

"मले विचारलं?"

"तुले कायले विचारू? हे तं देवाले विचाराचं राहते."

"त्या दिवशी कुठी होते तुम्ही?"

"मार्कंड्याले. तुह्याचसाठी गेलो होतो शालू. अनवाणी गेलो होतो."

"आन मी कुठी होती?"

जावई हातातल्या गुंडीकडे पाहत म्हणाले, "दवाखान्यात माह्यानं काय झालं असतं? मले पंपाचं समजते. बाईच्या दुखण्याचं काय समजते मले? रगत पाह्यलं आन भेव लागलं. बहुत भेव लागलं."

शालू म्हणाली, "मलेबी लागलं होतं," आणि घरात निघून गेली.

जावई तिथेच उभे राहिले. एवढा मोठा माणूस, सूत हातात, आणि चाळीसेक बायका बघताहेत. मान वर करता येईना त्यांना. पाटलीणबाई म्हणाली, "फेरा अर्धा सोडू नोका भाऊ, चांगलं नाई." पण ते चालत ओसरीकडे आले. सूत तोडायचं त्यांना सुचलं नाही, त्यामुळे वडापासून माझ्या दारापर्यंत आडवा दोरा ताणला गेला. सायकलवरून येणारा एक जण त्यात अडकता अडकता वाचला आणि शिवी घालून गेला. जावई पायरीवर बसले. "मामी," म्हणाले, "आता मागं हटलो तं लोकं म्हणतीन, याचा विश्वासच कमी पडला. आन देव म्हणन, इतक्यात थकला. का करू?"

मला गोड बोलता येत नाही. मी म्हटलं, "समजा देवानं ऐकलं. उचलून आणून ठेवली तिले तुमच्या क्वार्टरात. मंग? बोलन का थे तुमच्याशी?"

ते मोटरीजवळ बसतात तसे बसले होते, मान एका बाजूला करून. आत मशीन पुन्हा चालू झालं होतं. ते त्याचा आवाज ऐकत होते. शेवटी म्हणाले, "नाई बोलन जी."

मग त्यांनी दाराकडे तोंड करून हाक मारली. "शालू, पुरा करू का सोडू?"

मशीन थांबलं. त्यांच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण देवाला विचारायच्या आधी त्यांनी तिला काही विचारलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. वडाजवळच्या बायकासुद्धा माना उंचावून दाराकडे पाहायला लागल्या. मला वाटलं, आता येईल बाहेर. इतकं विचारल्यावर कोणतीही बाई येईल. मी आलेच असते.

"सोडा," शालू म्हणाली.

जावयांनी सूत दातानं तोडलं. उरलेली गुंडी पाटलीणबाईच्या हातात दिली, "कोणाले कमी पडलं तं द्याल," म्हणाले आणि बसची वेळ झाली म्हणून निघाले. जेवूनसुद्धा गेले नाहीत. त्या दिवशी माझ्या ओसरीवर कोणी आलं नाही आणि मीही कोणाकडे गेले नाही. वडाकडे पाठ करून बसले. ज्या झाडाला मी गुपचूप पोरीविरुद्ध साकडं घातलं होतं, त्याच्याकडे बघणार कोणत्या डोळ्यांनी?

पुढे दोघांनी मिळून कोर्टात फारकतीचा अर्ज केला. आमच्या घराण्यात हे पहिल्यांदा झालं आणि गावानं मला ते पुरेसं ऐकवलं. तारखेला दोघं चंद्रपूरच्या स्टँडवर भेटत आणि तिथून सोबत जात. शालू सांगत होती, शेवटच्या दिवशी जज्जसाहेबांनी यांना विचारलं, तुमची मर्जी आहे ना, तर यांनी सवयीनं डोळे मिटले. वकिलानं कोपरानं ढोसलं. यांनी डोळे उघडले, शालूकडे पाहिलं आणि म्हणाले, "हिची हाय. म्हणून माहीबी हाय."

शालू आता भामरागडकडे एका आश्रमशाळेत स्वयंपाकाला आहे. पावसाळ्यात तिकडचा पूल पाण्याखाली जातो, मग बस नाही, फोनला रेंज नाही. यंदा असं झालं तेव्हा संध्याकाळी जावयांचा फोन आला. जावई आता म्हणता येत नाही, पण दुसरं काय म्हणायचं ते मी शिकले त्या चौथीपर्यंतच्या पुस्तकात नव्हतं. म्हणाले, "मामी, तिकडचा रस्ता बंद हाय म्हणते. तिच्यापाशी सामान-सुमान हाय ना?" मी म्हटलं, हाय. खरं म्हणजे मलाही माहीत नव्हतं. मग म्हणाले, "रेंज आली की तिले विचाराल का, मी फोन केला तं चालन का? हो म्हणन तंच करतो."

पाणी उतरल्यावर मी विचारलं. शालू म्हणाली, "नको म्हणा. पण बरी हाय म्हणून सांगजो." मी तसंच्या तसं त्यांना सांगितलं. मला मधलं गोड करून सांगता येत नाही.

"बरी हाय ना?" ते म्हणाले. "मंग झालं."

त्यांनी फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही. तिकडे त्यांच्या क्वार्टरात कुकरची शिट्टी झाली, मग आणखी एक झाली, तरी ते तसेच.

"अरे, गॅस बंद कर," मी म्हटलं. "आन जेव."