नव्या तुसावरून

नाशिकहून सकाळची एसटी धरून पडघ्याला उतरले. हायवेच्या कडेला गोदामं, गोदामांपुढे ट्रकांची रांग, मागे उरलीसुरली भातशेती. रिक्षावाल्याला पोल्ट्रीचा पत्ता सांगितला, तर म्हणाला, "पत्ता कशाला, नाक नेईल तुम्हाला." तरी फाटा चुकलाच. शेवटचा अर्धा तास नमुन्यांची पेटी हातात घेऊन उन्हात चालले.

सुनंदाबाई दारातच उभ्या होत्या. शेड त्यांचं, पक्षी कंपनीचे. त्यांची चार वर्षांची नात तापाने आणि जुलाबाने दवाखान्यात होती. तपासणीत साल्मोनेला हा जंतू निघाला. डॉक्टरांनी विचारलं, घरी कोंबड्या आहेत का? म्हणून बाईंनी आमच्या प्रयोगशाळेला फोन केला. बरी झाल्यावर पोरीला घरी आणायचं की मामाकडे ठेवायचं, एवढंच त्यांना ठरवायचं होतं.

बुटांवर ओलसर कापडी मोजे चढवून शेडभर चालायचं. मोज्यांना चिकटेल तो नमुना. दुसऱ्या टोकाला पोचले तरी मोजे जवळपास पांढरेच. हजारो पक्ष्यांच्या शेडात असं होत नाही.

"इथं काय टाकलंत, सुनंदाताई?"

"नवं तूस, भाताची टरफलं. तुमी येनार म्हनून पहाटंच पसरलं. पावनीला घानीत कसं चालवायचं?"

मी वाकून खालचं काळं तूस उकरायला घेतलं, तेवढ्यात कंपनीचा सुपरवायझर मोटरसायकलवरून आला.

"मोजे झाले ना, मॅडम? मग हे खोदकाम कशाला? ताई, पुढची पिल्लं नकोत काय?"

सुनंदाबाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "र्‍हाऊ द्या, मॅडम."

जेवायला तांदळाची भाकरी आणि सुकटीचं कालवण होतं. झणझणीत, उत्तम.

"ब्रॉयलर खात नाही?"

"न्हाय बा. आमी गावठीच खातो. ही शेरातल्यांना."

नाशिकला परतल्यावर चार-पाच दिवसांत अहवाल आला: साल्मोनेला आढळला नाही. नव्या तुसाबद्दल मी समासात दोन ओळी लिहिल्या होत्या. फॉर्मवर तसा रकाना नाही म्हणून आमच्या साहेबांनी त्या काढून टाकल्या. मग मीच बाईंना फोन केला.

"वरच्या तुसात सापडलं नाही, खालचं तपासलेलंच नाही. पोरीला आणू नका."

"पन कागदावर न्हाय असंच हाय ना?"

"हो."

"मंग माझं कोन ऐकतंय? पोरगा गेलाय तिला आनायला."

मी पडघ्याला गेलेच नसते, तर निदान भीतीपोटी तरी ती पोर मामाकडे राहिली असती.