एकेचाळीस टक्के

पडदा वर जातो तेव्हा समोर श्रावणातला रविवार आहे. लालबागच्या टॉवरचा चौदावा मजला. चाळ होती तीच जागा, फक्त आभाळाच्या जवळ. आतून काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्याचा वास येतोय. मधोमध खुर्चीत सीताराम धुरी, वय एकोणऐंशी, गिरणी बंद पडेपर्यंत साचेखात्यात, मागावर. पायाशी नात ओवी, हातात मोबाइल.

चाळीच्या गणपतीपुढे बेचाळीस वर्षं गाऱ्हाणं घातलं ते सीतारामनीच. कोणाचं आजारपण, कोणाची गेलेली नोकरी, कोणाचं रखडलेलं लग्न, सगळं नावानिशी देवाच्या कानावर घालायचं, आणि प्रत्येक वाक्याला चाळीने एका सुरात ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. लाकडी कठडे थरथरायचे. यंदाचं गाऱ्हाणं तीन आठवड्यांवर होतं आणि सीताराम त्याच्याच तयारीत होते. टॉवरमध्ये आल्यापासून एरवी त्यांना कोण काय विचारत होतं?

ओवी मात्र विचारत होती. “आजोबा, वीस प्रश्न. तुमचे विचार कुठल्या धर्माशी जुळतात ते कळतं. खरं सांगायचं हां!”

“खोटा कशाक सांगू? बोल.”

“देव प्रार्थना ऐकतो का?”

नऊ वर्षांपूर्वी बायकोसाठी, शांतासाठी, सीतारामनी गाऱ्हाणं घातलं होतं. सगळी चाळ बेंबीच्या देठापासून ‘व्हय म्हाराजा’ म्हणाली होती. अकराव्या दिवशी शांता गेली. पुढच्या वर्षी सीताराम पुन्हा उभे राहिले, दुसऱ्यांसाठी.

“नाय,” ते म्हणाले. “लिही, नाय ऐकत.”

“मेल्यावर पुढे काय?”

“काय नाय.”

“धर्म न मानणारा माणूस चांगला असू शकतो?”

“मानणाऱ्यांपेक्षा बरो.”

निकाल लागला. “निधर्मी मानवतावाद, शंभर टक्के! आणि हिंदू... अकरावा नंबर. एकेचाळीस टक्के.”

“म्हणजे पास मां?”

“पस्तीसला पास, आजोबा!”

दोघं खळखळून हसली. ओवीचा बाप मयूरही हसला. त्याने त्या निकालाचा फोटो काढला आणि ‘आमच्या बाबांचं प्रगतिपुस्तक’ म्हणून सोसायटीच्या ग्रुपवर टाकून दिला.

संध्याकाळी सेक्रेटरी हितेंद्र आला. हा बारावीला दोनदा आपटला, तेव्हा तिसऱ्या खेपेला सीतारामनीच त्याचं नाव गाऱ्हाण्यात घेतलं होतं.

“काका, गैरसमज नको. पण देव ऐकत नाही म्हणणाऱ्यानेच गाऱ्हाणं घालायचं? ग्रुपवर लोक विचारतायत.”

“अरे, देव ऐकत नाय म्हणान तर माणसांका ऐकवचा लागता! कोणाच्या घरात काय जळता, ता शेजाऱ्याक कळाक नको?”

“मयूर, तू समजाव ना.”

मयूरने मोबाइलमधून मान वर काढली नाही. “बाबा, जाऊ दे ना. वय झालं आता तुमचं.”

सीतारामनी पोटच्या पोराकडे एकदा पाहिलं आणि विषय संपला.

गणपती आले. पहिल्या आरतीनंतर हितेंद्रने मोबाइल काढून गाऱ्हाणं वाचलं. लिफ्ट नीट चालू दे, पार्किंगचा प्रश्न सुटू दे, इमारतीची भरभराट होऊ दे. नाव एकाचंही नाही. सातव्या मजल्यावरच्या आनंदाची किडनी निकामी झाली होती. तो तिसऱ्या रांगेत हात जोडून आपल्या नावाची वाट पाहत राहिला. ‘व्हय म्हाराजा’ म्हणायला पाच-सात जणच होते. बाकीच्यांचे हात व्हिडिओत गुंतलेले.

गाऱ्हाण्याची शेवटची ओळ ठरलेली असते: काय चुकलं-माकलं असेल तर लेकरांना माफ कर. हितेंद्रने मोबाइल खिशात टाकला. “चला, प्रसाद घ्या!”

मागच्या रांगेतून सीताराम काठीवर जोर देत उठले. मयूर दचकून पुढे झाला, बाप आता चारचौघांत तमाशा करणार म्हणून. सीतारामनी त्याला हातानेच बाजूला केलं. आवाज थकला होता, पण शेवटच्या रांगेपर्यंत पोचला.

“हितेंद्रा, माफीची ओळ रवली रे. ती म्हण आधी. ‘व्हय म्हाराजा’ मी म्हणतंय.”