लंगोट सोडून काढलेला फोटो

शाळा मी तिसरीत सोडली, पण लंगोट कधी कुणापुढं सोडला नाही. आमच्या निघोज्याच्या तालमीत वस्तादांचा दंडकच होता : लंगोट असा कसायचा, की डोळे बाहेर आले पाहिजेत.

पिंपरीत तेव्हा एका कारखान्याचं बांधकाम चाललं होतं. तिथं मी सिमेंटची पोती उचलायचो. जत्रेला पंधरा दिवस राहिले असताना पाठीत अशी कळ आली, की पोत्यासकट खाली बसलो. मुतखडा असणार, म्हणून मुकादमानं पुण्याच्या दवाखान्यात धाडलं. जत्रेत माझी कुस्ती पुनावळ्याच्या पैलवानाशी ठरलेली. मागल्या साली त्यानंच मला चीत केलेलं. आता माघार घेतली तर गावात तोंड दाखवायची सोय नव्हती.

मुताची वाट एक्स-रेच्या फोटोत दिसावी म्हणून दंडात औषध टोचून मला यंत्राखाली फळीवर निजवलं. कपडे काढा म्हणाले. काढले, पण लंगोट ठेवला.

फोटो बघून डॉक्टर म्हणाले, "पैलवान, किल्ली गिळलीत काय?"

पेटीची किल्ली माझ्या करदोड्याला, लंगोटाच्या आत खोचलेली. फोटोत बरोबर मधोमध.

"किल्ली काढा, लंगोट सोडा आणि उभे राहा."

"लंगोट न्हाई सुटायचा."

"मग खडा घेऊन घरी जा."

सोडला. काय करतो!

दुसऱ्या फोटोत खडा दिसला, हरभऱ्याएवढा. पण डॉक्टर भलतीकडंच बघत राहिले. माझी मुताची पिशवी अर्धी जांघेत उतरलेली.

"लघवीला दाबावं लागतं का?"

"जांघेतला गोळा दाबला की पुरी होती. समद्यांचंच तसं असतंय."

"नसतं."

एवढा थोराड घोडा मी, पण हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. लंगोटानं आत दाबून धरलेला तो अंतर्गळ मी कमावलेलं अंग समजत होतो.

"कुस्ती केलीत आणि पिशवी अडकली, तर जिवावर बेतेल. टाके घालावे लागतील," डॉक्टर म्हणाले.

जत्रेला मी आखाड्यात उतरलो तो सदरा-धोतरात, हातात फोटो घेऊन. कुणी 'भ्यालास' म्हणायच्या आत तो उन्हात वर धरला आणि गोळा दाबून मुतण्यापासून टाक्यांपर्यंत डॉक्टरांचं सगळं बोलणं सांगून टाकलं. बायका सोडून सगळ्या गावानं माझी मुताची पिशवी बघितली.

वस्ताद म्हणाले, "लेका, छाती दाखवायची सोडून हे काय दाखवतोस?"

पुनावळ्याचा पैलवान सगळ्यात मोठ्यानं हसला.

कुस्त्या संपल्यावर तोच मला विहिरीपाशी गाठायला आला. इकडंतिकडं बघून घेतलं.

"राव, समद्यांना दाबावं लागत न्हाई व्हय?"

"न्हाई."

मग हळूच म्हणाला, "आन् तिथं लंगोट सोडावाच लागतोय का?"